पेज घेऊन हळदीला

आमच्या बिल्डिंगमधल्या कुणालाही विचारा, केसरबाई भांडखोर आहे असंच सांगतील. असेन. पण मी उगाच कुणाच्या अंगावर जात नाही. आणि दयारामसाठी मी जेवढी भांडले तेवढी सख्ख्या भावासाठीही भांडले नसते.

मी मूळची तळ्याची, तळा गावची. भातशेतीवाल्यांच्या घरातली. मुलगा सुजित न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात लागला, त्यानं इथं फ्लॅट घेतला आणि माझे मालक गेल्यावर मला उचलून आणलं. इथल्या गावाचं नाव नाही सांगत, उगाच माझ्यावर बोटं नकोत. एका बाजूला जुनं गावठाण, तिथं सगळी आगरी घरं. पलीकडे जिथं मिठागरं होती तिथं आता आमच्या चार-चार मजली बिल्डिंगी. मधे नाका, आणि नाक्यावर जमिनीत दोन व्हॉल्व्ह. एक गावठाणाचा, एक आमचा. पाणी दिवसाआड. आज त्यांना, उद्या आम्हाला.

ते व्हॉल्व्ह फिरवायचं काम दयारामचं. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस, अठरा वर्षं तेच करतोय. बाप मिठागरावर राबला, हा पाण्यावर. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन सायकलवर यायचा, पहाटे साडेपाचला. चावी फिरवून झाली की निघून जायचं ना? हा बाबा नाही जायचा. आमची बिल्डिंग लाइनीच्या शेवटाला. तिथपर्यंत सायकल मारत यायचा, गेटाजवळच्या नळाखाली हात धरायचा आणि धार बघायचा. धार बारीक असली की परत नाक्यावर, परत दोन फेरे.

"शेवटच्याला आलं तर सगल्यांना आलं," असं म्हणायचा.

मी तेव्हा खाली फुलं काढायला उतरलेली असायची. अशीच ओळख झाली. मग मी चहा द्यायला लागले. मला तो तळ्याच्या मावशी म्हणायचा. बोलायला कमी, पण पोरीचा विषय निघाला की थांबायचा नाही. एकुलती एक, प्राप्ती. नर्सिंग शिकलेली. "माजी पोर इंजेक्शन देते तर पेशंटला कलतच नाय," हे मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल.

आता आमचे बिल्डिंगवाले. हे लोक पाणी आलं तर बोलत नाहीत, दहा मिनिटं उशिरा आलं की बोलतात. मीटिंगमध्ये एकदा एक जण म्हणाला, तो गाववाला आहे, गावाला जास्त सोडतो. माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि म्हटलं, "सरपंचाच्या मेहुण्यानं हॉटेलासाठी अर्धा तास जास्त मागितला, तर दयारामनं चावी उचलून घरी नेली. नोकरी जायची वेळ आली होती त्याची. त्यानं आपलं पाणी पळवलं तर मी केसर नाव लावायची नाही!" सुजित घरी येऊन म्हणाला, आई, एवढं कशाला? म्हटलं, तू गप्प बस.

मग ह्या वैशाखात प्राप्तीचं लग्न ठरलं. दयाराम स्वतः चार जिने चढून पत्रिका द्यायला आला. सुनेनं, प्रणालीनं, सरबत दिलं. रविवारचं लग्न. "मावशी, आदल्या दिवशी हलदीला पन या," म्हणाला. मी हो म्हटलं आणि विसरून गेले. कारण आमच्याकडे हळद ती काय! लग्नाच्या सकाळी घरातल्या पाच बायका, एक वाटी, अर्ध्या तासात आंघोळ घालून मोकळ्या. त्यात परक्यानं जाऊन काय करायचं? ह्या लोकांत हळद लग्नापेक्षा मोठी असते, अख्खी भावकी जेवते, हे मला सहा वर्षं इथं राहून ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. मी विचारलंही नाही, ते सोडा.

शनिवारी आमची पाळी. सहा वाजले, नळ कोरडा. सात, कोरडा. वॉचमन म्हणाला, दयारामचा फोन होता, टाकीवरची मोटर जळली. आठला जिन्यात ही गर्दी. पहिल्या मजल्यावरचा तो मीटिंगवाला माझ्याकडे बघून हसला. "काय केसरताई, मोटर जळली की लग्नघरी पाणी पोचलं?"

"लग्न उद्या आहे!" मी ओरडले. "आणि लाज वाटू द्या जरा. आज तो धार बघायला पण आला नाही. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल."

तोंडातून गेलं आणि मलाच ते खरं वाटायला लागलं. खरंच की! मोटर मागच्या वर्षीही जळली होती, तेव्हा हा स्वतः दारोदार सांगत फिरला होता. आज फोनवरून सांगतोय म्हणजे उठवत नसणार. मी फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नाही. उद्या पोरीचं लग्न आणि आज बाप तापानं फणफणलेला!

पिण्याच्या पाण्याचा जार होता, त्यात चार तांब्यांएवढं उरलं होतं. प्रणाली म्हणाली, आई, हे संपलं तर प्यायला काय? म्हटलं, दुकानातून बाटली आण. त्या पाण्यात मी मूठभर तांदूळ टाकले, गावचे लाल, आणि पेज केली. मीठ घातलं, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. आमच्याकडे आजारी माणसाला पेजच देतात, दुसरं काही देत नाहीत. डबा फडक्यात बांधला आणि उन्हातून चालत गावठाणात गेले. सुजित म्हणत होता रिक्षा करतो. थांबलेच नाही.

गल्लीच्या तोंडाशीच मांडव लागला. केवढा मांडव! घरापासून पार देवळापर्यंत. चुली पेटलेल्या, पातेली माणूस बसेल एवढी, बायका ओळीनं कांदा कापत बसलेल्या. आणि मधोमध निळी पिंपं, दहा-बारा तरी. त्यात पाइप सोडलेला. अंगठ्याएवढी धार पडत होती. चार पिंपं भरली होती, बाकीची रिकामी.

आमची पाळी शनिवारची. मला कळायला वेळ लागला नाही. पण कळलं तरी पाय वळेनात, मी डबा धरून तिथंच उभी.

दयारामनं मला बघितलं. नवी बनियन, गळ्यात टॉवेल, ठणठणीत. धावतच आला. "मावशी, तुमी? उन्हाचं?"

जे ठरवून आले होते तेच तोंडातून निघालं. "तुला बरं नाही वाटलं मला. धार बघायला आला नाहीस. पेज आणलीय."

कांदा कापणाऱ्या बायका खदखदून हसल्या. "दादूस, हलदीच्या दिवशी पेज!" एक जण म्हणाली. दयाराम हसला नाही. त्यानं डबा हातात घेतला. गरम होता अजून.

"पानी कुठलं पेजेला?"

"जारमधलं उरलेलं. नळाला आलं नाही ना. मोटर जळली म्हणे."

त्यानं पिंपातल्या पाइपाकडे बघितलं. मला वाटलं, बाबा, हो म्हण. जळली म्हण, मी मान हलवते आणि घरी जाते, आणि जिन्यातल्या त्या माणसालाही तेच सांगते. देवाशपथ मी सांगितलं असतं.

"मोटर नाय जलली, मावशी," दयाराम म्हणाला. बायकांचं हसणं थांबलं. "म्याच फिरवली चावी. तुमचं पानी हाय ह्या."

मग तो डबा खुर्चीवर ठेवून घरात गेला आणि चावी घेऊन बाहेर आला. त्याची बायको, जनी, चुलीपासून उठली. "कुटं चाल्लाव?" तो सायकलवर बसला. ती मागून ओरडत राहिली, पाचशे मान्सा जेवायचीत, पोरीची आंघोल ऱ्हायलीय, ऐकताव का? तो गल्लीच्या बाहेर गेलासुद्धा.

मी पळून जायला हवं होतं. पण लग्नघरातून पळायचं कसं? दहा मिनिटं झाली असतील. पाइपाची धार बारीक झाली, मग तुटली, मग पाइपातून नुसती हवा आली. सगळ्या बायका पिंपांकडे बघत होत्या. पाच भरलेली, सहावं अर्धं. दारात प्राप्ती येऊन उभी राहिली, हिरव्या चुड्यात. तिनं पिंपं बघितली, मला बघितलं आणि आईला म्हणाली, "मना एक बालदी पुरंल." एवढं बोलून ती आत गेली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

जनी माझ्याकडे आली. मी मनात म्हटलं, आता ही मला हाकलणार, आणि हाकलावंच. तिनं खुर्ची पुढं केली. बसले. मग ती उभ्या उभ्याच सांगत राहिली, कालच्या टँकरचं. दोन महिने आधी सांगून ठेवलेला टँकर, काल संध्याकाळी येणार होता, आलाच नाही. गावातले सगळे दयारामला म्हणत होते, तुझ्याच हातात चावी आणि तुझ्याच पोरीची हळद कोरडी? हा नाही नाही म्हणत राहिला. शेवटी जनीच त्याला म्हणाली, अठरा वर्षांत मी एक घागर जास्त मागितली नाही, आज मागते. तेव्हा कुठं पहाटे उठून गेला.

"घरी येऊन चा पन न्हाय प्याला," ती म्हणाली. "पर सोडलंन पानी. माज्यासाठी सोडलंन."

"जनी, मला खरंच वाटलं गं तो आजारी आहे," एवढंच म्हटलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रणाली. ती आनंदानं एवढी ओरडत होती की जनीला सगळं ऐकू गेलं. "आई, पाणी आलं! सगळे खाली उतरलेत. दयारामभाऊंना बरं आहे ना?"

"बरा आहे," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

जनी आत गेली, वाटीतून हळद घेऊन आली आणि माझ्या दोन्ही गालांना लावली. हळदीच्या मांडवातून कुणाला कोरडं जाऊ देत नाहीत, त्यांची रीत. राग होता तिला, बोटं चांगली जोरात फिरली.

"सकालधरून तुमच्या बिल्डिंगीतून ईस जनांनी फोनवर शिव्या घातल्या," ती म्हणाली. "सगल्यांना त्यानं उलटं ऐकवलं, तुमचा तेवढा फोन उचलला नाय, पर चावीला हात नाय लावला. मावशी, तुमी पन शिव्या घालायलाच आल्या असत्याव ना, तर आज माज्या पोरीच्या हलदीला पानी पुरलं असतं."