टेम्प्लेट बदलणारे काका

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एखादी गोष्ट आहे तशी राहू देतील, असं अख्ख्या डोंबिवलीत कुणी शपथेवर सांगितलं नसतं. कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य गेलेलं; निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात. घरातलं कपाट त्यांनी चारही भिंतींना लावून पाहिलं होतं. गोडा मसाल्याचा डबा काकूंना रोज नव्या फळीवर शोधावा लागे. त्यांची मुलगी माझ्या आईच्या हाताखाली शिकलेली, म्हणून ते आईला ‘बाई’ म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यावरही आई मुलांसाठी गोष्टी लिहायची. त्या तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना वाचता याव्यात म्हणून मी एक वेबसाइट काढली आणि ती सांभाळायला काकांच्या हाती दिली.

अशा वेबसाइटवर मजकूर तोच ठेवून फक्त टेम्प्लेट, म्हणजे पानाचा तयार साचा, बदललं की सगळं रूप पालटतं, हा शोध काकांना पहिल्याच आठवड्यात लागला. वर्षभर ते महिन्यातून एकदा रूप बदलत. मग अचानक दिवसाआड बदलू लागले. सोमवारी पान निळं, बुधवारी काळं. एकदा त्यांनी हॉटेलांसाठी केलेलं टेम्प्लेट लावलं. आईच्या गोष्टीवर सॅलड खात हसणारी कुणी परदेशी बाई आणि खाली ‘टेबल राखून ठेवा’ असं बटण. ठाण्याहून एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून बाईंनी खाणावळ कधी काढली, असं आदराने विचारलं. पुढच्या टेम्प्लेटमध्ये ओळी इतक्या दाटीने बसल्या की सगळ्या वेलांट्यांचे माथे छाटले गेले. जिने तीस वर्षं मुलांच्या वेलांट्या सुधारल्या, तिच्याच गोष्टींची ही दशा. मी तणतणत वर गेलो आणि पासवर्ड परत मागितला. काकांनी वाद घातला नाही. आपल्या सुबक अक्षरात तो कागदावर लिहून दिला.

त्यानंतर आई गप्प गप्प झाली. चौथ्या दिवशी काकू खाली आल्या, एक वही माझ्या हातात ठेवली आणि काकांना सांगू नकोस म्हणाल्या. वहीत प्रत्येक टेम्प्लेटचं नाव आणि त्याखाली नोंद होती: ‘बाई तिसऱ्या ओळीत अडखळल्या.’ ‘काळ्यावर पांढरं अजिबात नको.’ ‘अक्षर मोठं, तरी जोडाक्षरं लागत नाहीत.’ आईच्या नजरेचा मधला भाग पुसट होत चालला होता. मी ठाण्याला ऑफिसात असताना काका रोज दुपारी तिच्याशेजारी बसून, तिला स्वतःच्या गोष्टी वाचता येतील असं रूप शोधत होते.

मी वही घेऊनच वर गेलो. काकूंकडे एकदा पाहून काका म्हणाले, “बाईंनी बजावलं होतं, तुला कळू द्यायचं नाही म्हणून. शब्द दिलेला मी.”

माझी एवढी बोलणी खाल्ली, पण शब्द मोडला नाही. मी माफी मागू लागलो, तर त्यांनी फक्त पासवर्डसाठी हात पुढे केला.

आईला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली जपायची होती. तीन आठवड्यांनी काकांना एक साधं टेम्प्लेट सापडलं. फिकट पिवळं पान, ठसठशीत काळी अक्षरं, चित्र एकही नाही. आई मोठ्याने वाचू लागली आणि मध्येच थांबली. काकांनी वही पुढे ओढली.

“‘नदी’ला दुसरी वेलांटी हवी,” ती म्हणाली.

काकांनी ती चूक दुरुस्त केली आणि त्या टेम्प्लेटला पुन्हा बोट लावलं नाही. कपाट मात्र हलतच राहिलं. त्या पानावर आईने आणखी नऊ गोष्टी स्वतः तपासून घातल्या. तेवढंच आयुष्य उरलं होतं तिचं, आणि ते तिच्या मनासारखं गेलं.

काका-काकू आता कल्याणला मुलीकडे राहतात. ते टेम्प्लेट जुनं झालं, बदला, अशी सूचना यंदा वेबसाइटवर येऊ लागली, तेव्हा मी काकांना फोन केला. एका दिवसाचं काम आहे म्हणाले आणि आठ दिवस येत राहिले. रोज दुपारी नवं टेम्प्लेट लावायचे आणि नीट वाचता येतंय का हे पाहण्यासाठी आईची एक गोष्ट मोठ्याने वाचायचे. मी रजा काढून ऐकत बसायचो. पहिल्याच दिवशीचं टेम्प्लेट उत्तम होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.