कपाटातली हवा

वहिनी गेल्या, त्याच वर्षी समोर इमारत उठली आणि त्यांच्या मोगऱ्याचं ऊन गेलं. तेव्हा शेजारच्या नानांनी बायकोचं रिकामं कपाट घेतलं, आत दिवे लावले आणि रोप ठेवून नारळ फोडला. दारावर पाटी लावली, ‘गृह-उद्यान संशोधन केंद्र’. आठवड्यात रोपानं मान टाकली.

“नाना, उकडतंय त्याला. खाली भोकं पाडा, वर पंखा बसवा,” मी म्हटलं.

“भोकं पाडलीत, पंखाही बसवलाय. चालू करत नाही.”

त्यांनी दार किलकिलं केलं. आतून डांबरगोळ्या, पावडर आणि ठेवणीतल्या साड्यांचा ऊबदार वास आला, जणू कुणी लग्नाला निघालंय. भुतांवर माझा विश्वास नाही; तरी मी वाट द्यायला बाजूला सरकलो.

“तिचा वास दिव्यांच्या उबेनं येतोय. पंखा लावला की जाईल.”

गेलेल्या माणसाचं नेमकं काय राखायचं, हे कुठल्याच पोथीत सांगितलेलं नाही. तेवढ्यात एक पिवळं पान गळलं.

“लाव बाबा पंखा,” नाना म्हणाले. “झाड मेलं तर ती मला सोडायची नाही.”

पंखा फिरला. वास खोलीभर पसरला. नाना उठले आणि त्यांनी खोलीची खिडकी लावून घेतली.