ताणून बांधलेली बोट

माझी बायको एकदा एकटीच समुद्रावर निघून गेली, आणि त्या वेळी ती भाकरी थापत होती.

बोट जावयाची. आमची मुक्ता कोकणातल्या ओंकारला दिली. त्याच्याकडं शिडाची छोटी यॉट आहे. संभाजीनगरात ज्याच्या नळाला पाणी आलं की शेजारीपाजारी एकमेकांना फोन करून कळवतात, त्या माणसाला यॉटवाला जावई मिळावा म्हणजे लईच झालं! (मी कॉलनीत सगळ्यांना सांगून आलो. कुणी विचारलं नव्हतं.)

गेल्या हिवाळ्यात ओंकार आम्हा दोघांना बोटीवर घेऊन गेला. तीन बाजूंनी डोंगर असलेल्या एका निवांत जागी त्यानं सकाळी नांगर टाकला. हिरवंगार पाणी, काठाला नारळाची झाडं, वारा अगदी बेताचा. जन्मात असलं काही बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायला घेतले, तेवढ्यात माझं लक्ष नांगराच्या दोराकडं गेलं आणि आभार मध्येच राहिले.

दोर ढिला होता! खाली पाणी विहिरीच्या हिशेबानं जेमतेम दोन पुरुष, आणि जावईबापूंनी दोर सोडला होता त्याच्या पाचपट. आता मी म्हणजे वाळूजच्या कारखान्यात उभी हयात नटबोल्ट आवळलेला माणूस. त्यात लहानपण कन्नडकडच्या खेड्यात, विहिरीवर पाणी शेंदण्यात गेलेलं. विहीर जेवढी खोल तेवढा दोर. जास्तीचा दोर म्हणजे उधळपट्टी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दोराला जोड द्यायची. पण पाणी आपण होऊन वर येतं, तेही रोज, हे आमच्या मुलखात कुणाच्या स्वप्नातसुद्धा येत नाय.

ओंकार आणि मुक्ता किनाऱ्यावर फिरायला म्हणून रबरी होडीत उतरले. सुमनचे, म्हणजे बायकोचे, गुडघे दुखत होते, म्हणून ती आत स्वयंपाकाला लागली. मी 'आलोच' म्हणालो, दोर काठीसारखा ताठ होईपर्यंत ओढला आणि खुंट्याला गाठीवर गाठ मारली. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! मग होडीत जाऊन बसलो.

किनाऱ्यावर होडी वाळूत ओढून ठेवली आणि बोलत बोलत पार दुसऱ्या टोकाला गेलो. तिथं मी शहाळं घेऊन बसलो. मलई खरवडत होतो, तेवढ्यात मुक्ता म्हणाली, बोट मघाशी त्या देवळासमोर होती ना?

भरती लागली होती. पाणी वर आलं, त्याच्याबरोबर बोट वर आली, दोर काही सैल होईना. शेवटी बोटीनं नांगरच उचलला आणि निघाली डावीकडच्या काळ्या खडकांकडं. दोर नाकासमोर सरळ खाली लोंबताना बघून ओंकारनं ओळखलं, तो कुणीतरी आखूड बांधलाय. खडकाला लागली तर फुटेल म्हणाला. आईंना सांगा गाठ सोडा, सगळा दोर जाऊ द्या, आतलं टोक पक्कं आहे, असं म्हणत तो होडीकडं पळत सुटला.

तिला पोहता येत नाय. मलाही नाय. मी फोन लावला.

"अगं, तू चाललीस."

"कुठं? मी भाकर थापू राहिले."

"खिडकीतून बघ."

तवा उतरवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "अहो, डोंगर कुठं चालला?"

मी गाठ सोडायला सांगितली.

"बांधलेलं सोडलं तर बोट जाईल ना."

"ती जातच आहे!"

"हे तुम्ही सांगताय का ओंकार?"

"ओंकार."

"मग सोडते."

(अशा वेळी मान-अपमान कोण बघतो!) पुढं फोनवर तिचं पुटपुटणंच तेवढं ऐकू येत होतं. माझ्या गाठी, माझे हात, माझा कारखाना, कुणालाच तिनं सोडलं नाय. चाकूनं कापू का, असं तिनं विचारल्यावर माझा जीव अर्धा झाला. शेवटी उलथन्याचा दांडा घालून तिनं गाठी उकलल्या. दोर सरसरत पाण्यात गेला, तरी बोट खडकांकडं सरकतच होती. मला बघवेना. मी फोन कानाला लावून 'सुमे, सुमे' करत राहिलो. आणि नांगर पुन्हा तळाला रुतला असावा, एकदम बोटीला हिसका बसला, तिचं तोंड वाऱ्याकडं वळलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"थांबली बया," बायको म्हणाली. "पण तुमचा आवाज असा का येतोय?"

मी खाली बघितलं. मी छातीभर पाण्यात उभा होतो. चष्मा, स्वेटर, बूट, सगळ्यासकट. कधी आत शिरलो, कसा शिरलो, देवालाच ठाऊक! ते कळल्याबरोबर पायाखालची वाळू सरकली आणि मी गडप झालो. बोटीकडं निघालेल्या ओंकारला होडी वळवून आधी माझ्याकडं यावं लागलं. त्यानं मला कॉलरला धरून वर काढलं.

गाठ कुणाची, हे पोराला पुरतं ठाऊक होतं. पण "भरतीचं असंच असतं, पप्पा," एवढंच बोलून त्यानं विषय संपवला. त्या एका वाक्यासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

बोटीवर चढलो तर बायको नवी भाकरी तव्यावर टाकत होती. मी तसाच निथळत तिच्याजवळ गेलो. म्हणालो, "सुमे, तू वाचलीस, देवाचे उपकार गं."

तिनं पदरानं माझं डोकं खसाखसा पुसलं. "मला काय झालं होतं?" म्हणाली.

खरंच की. त्या दिवशी समुद्रातून एकाच माणसाला ओढून काढावं लागलं, आणि तो किनाऱ्यावर सुखरूप बसून शहाळं खात होता.