पहिल्या माशाचे काटे

शेजारी कुणी मासे धुरावर लावले, की मला सासूबाई आठवतात आणि डोकं तापतं. ऑफिसमधल्या मैत्रिणीचं घराणं अमेरिकेतल्या मूळ आदिवासींचं, पिढ्यानपिढ्या इथल्या नदीत सॅमन मासे पकडणारं. हंगामातल्या पहिल्या माशाच्या जेवणाला तिने आम्हाला बोलावलं होतं. त्या माशाचे काटे नदीला परत द्यायचे, म्हणजे मासे पुन्हा येतात, हे मी बेलव्ह्यूच्या आमच्या घरापासून गाडीत सासूबाईंना बजावत होते आणि त्या "एसी कमी कर" म्हणत होत्या. जेवणं झाल्यावर मैत्रिणीची आजी काटे गोळा करायला टोपली घेऊन आली, तर सासूबाईंचं ताट लख्ख! "अहो आई, काटे कुठेत?" "चावून खाल्ले. कोकणातली बाई काटे टाकते होय?" मी कपाळावर हात मारला. पुन्हा सगळं समजावलं, तर माझ्यावरच डाफरल्या, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" आजी हसून पुढे गेली. सासूबाई मात्र परतताना गाडीतून मागे वळून नदीकडेच बघत होत्या. आता त्या मालवणला असतात. इथला हंगाम सुरू झाला की रोज फोन करतात. माझी चौकशी नाही, नातवाचीही नाही, आधी एकच प्रश्न, "मासे आले का गं?"