नकाशातली विहीर

नवा जिल्हा झाला तेव्हा मी लातूरच्या पाण्याच्या कचेरीत ट्रेसर होते. जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि ओढे, टेकड्या, गावं शाईनं वर उतरवायची, हे माझं काम. जुन्या जिल्ह्यातून आमच्या वाट्याचा तुकडा वेगळा निघाला होता, पण दुष्काळाची काही वाटणी झाली नव्हती. तो आमच्याकडे होता तेवढाच जुन्या जिल्ह्याकडेही होता. रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची आणि वर साहेबांची बोलणीही खायची.

त्या नकाशावर विहीर म्हणजे एक छोटं निळं वर्तुळ. त्या उन्हाळ्यात या वर्तुळांना फार भाव आला, कारण हापसा कुठं द्यायचा हे त्यांच्यावरून ठरत होतं. वस्तीजवळ सगळ्यांसाठीची चालू विहीर असेल तर हापसा नाही, असा नियम होता. माझं माहेर अहमदपूरच्या पुढं, नांदेडच्या हद्दीला लागून. तिथला आमचा बौद्धवाडा आणि निळं वर्तुळ यांच्यात नकाशावर करंगळीच्या नखाएवढंही अंतर नव्हतं. साहेबांनी वाड्यावर पेन्सिलीनं फुली मारली.

"साहेब, त्या विहिरीवर आमच्या माणसांना चढू देत नाहीत," मी म्हणाले.

"बाई, नकाशात जात नसते."

"म्हणूनच म्हणते, एकदा गावात चला."

माझ्या जिभेला हाड नाही, असं माय नेहमी म्हणायची. नोकरी नवी, तीही कच्ची. साहेब लालबुंद झाले. तुमचं खोटं निघालं तर उद्यापासून येऊ नका, म्हणाले. पण माणूस हट्टी असला तरी सरळ होता. त्याच आठवड्यात त्यांनी जीप काढली आणि मला मागच्या सीटवर बसवलं.

आमच्या गावात पाणी घ्यायची रीत अशी होती. आमच्या बायांनी घागरी घेऊन विहिरीच्या ओट्याखाली उभं राहायचं. वरच्या बायांपैकी कुणाच्या मनात आलं तर ती वरून ओतायची. कधी अर्धी घागर, कधी "उद्या या". लग्न होऊन आली तेव्हापासून माय त्या ओट्याखाली उभी राहत आली होती. त्या दिवशीही ती तिथंच होती.

जीप पाहून सरपंच धावत आले. साहेबांनी सरळ विचारलं, "विहीर सगळ्यांसाठी आहे का?"

"हाय की सायब! कुनी अडवून राहिलं का? इचारा बरं कुनाला बी."

माणसं जमली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी नोकरी गेलेली दिसली.

मग ते मायकडे वळले. "मावशी, तुम्ही काढा बरं पाणी."

माय हलली नाही. तिच्याजवळ पोहरा नव्हता, दोर नव्हता. अख्ख्या बौद्धवाड्यात विहिरीला पुरेल असा दोर कुणाकडंच नव्हता. ज्यांना वरून ओतून मिळतं ते दोर घेऊन काय करतील? साहेबांनी तिचे हात पाहिले, घागर पाहिली, मग सरपंचांकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी नकाशा उघडून फुली पुसायला खिशातलं खोडरबर काढलं आणि माझा जीव भांड्यात पडला. माय, आता नुसती गप उभी राहा, मी मनात म्हणत होते, हापसा आपला झाला.

"सरपंच, दोर द्या," माय म्हणाली.

दोर दिला तर विहीर जाते, नाही दिला तर सरकारसमोर खोटं पडायचं. सरपंचांनी एकदा साहेबांकडे, एकदा जमलेल्या माणसांकडे पाहिलं. शेवटी त्यांनी ओट्यावर पाणी भरणाऱ्या आपल्या भावजयीला खूण केली. तिनं दोर आणि पोहरा मायच्या हातात दिला नाही, दगडावर ठेवला. मायनं तो उचलला, ओट्यावर चढली, पोहरा सोडला. वर आलेलं गढूळ पाणी ती सगळ्यांसमोर ओंजळीनं प्यायली.

"म्हणजे विहीर सगळ्यांची?" साहेबांनी विचारलं.

"हाव. आजपासून हाय," माय म्हणाली.

खोडरबर खिशात गेलं. हापसा दुसऱ्या गावाला गेला. निघताना साहेबांनी मला एवढंच विचारलं, "उद्या कामावर येणार ना?" मी नाही म्हणाले. मायच्या रागानं माझं डोकं फिरलं होतं. मी तिथंच राहिले.

जीप गेल्यावर वाड्यातली माणसं मायच्या अंगावर आली. हातातला हापसा घालवलास म्हणाली. मी तर सगळ्यांत जास्त ओरडले. "साहेब गेले! उद्या तुला कोण चढू देणारंय? हापसा असता तर कुणाचं तोंड बघायची गरज नव्हती!"

माय चूल फुंकत होती. "हापसा झाला असता तर त्यो आपला हापसा झाला असता," ती म्हणाली, "आन् विहीर त्यांची. कायमची."

"आणि विहीर आटली तर?"

"तर समद्यांचीच आटंल."

माझा राग मात्र गेला नाही, आणि भीती त्याहून मोठी होती.

सकाळी मायनं शेळीची दावी आणि बाजेचं सुंभ एकाला एक गाठी मारून जोडलं आणि बादलीला बांधलं. वाड्यातलं कुणी सोबत यायला तयार झालं नाही. मी निघाले. ओट्यावर चार माणसं बसली होती. त्यातलं एकही उठलं नाही. माय त्यांच्या बाजूनं वर चढली. ती आणि ती माणसं यांच्यामधे मी उभी राहिले. गाठी एकामागून एक तिच्या हातातून खाली जात होत्या, पाणी फार खोल गेलं होतं आणि दोराचं टोक जवळ येत चाललं होतं.

दोर पुरला.