विक्री फक्त विदर्भात

पुण्याहून नागपूरच्या गाडीत बसलो, तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "लग्नाला का?" मी म्हटलं, "नाही हो, पुस्तक आणायला." बाई जरा पलीकडे सरकूनच बसल्या. त्यांचं तरी काय चुकलं! पुण्यात राहणाऱ्या माणसांनी एका पुस्तकासाठी नागपूर गाठायचं, हे ऐकून कुणालाही वाटणार की या जोडप्याचं काहीतरी बिनसलंय.

हकिगत अशी. आमचे हे वाचनाचे भारी वेडे. जन्मभर पोस्टात नोकरी केली, निवृत्त झाले, आता मनसोक्त वाचीन म्हणाले, आणि नेमका डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा विरत चाललाय, चष्मा बदलून काही होणार नाही. मोठी अक्षरं आणखी थोडे महिने दिसतील, पुढचं देवाला ठाऊक. त्या सुमारास यांनी एका कादंबरीचा पहिला खंड संपवला होता. नाव सांगत नाही, उगाच कुणी भांडायला यायचं. एका नावाड्याच्या घराण्याची गोष्ट. दुसरा खंड उघडला आणि ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या. मी वाचून दाखवायला बसले, तर दोन पानांतच यांनी हात वर केला. "तू वाचतेस छान गं. पण मला मधेच एखाद्या वाक्यापाशी थांबायचं असतं, ते असं जमत नाही."

मग कळलं, की त्याच खंडाची मोठ्या टाइपातली आवृत्ती नागपूरच्या एका छापखान्यानं काढली आहे. म्हटलं, सुटलो! कसलं सुटतोय? आतल्या पानावर छापलेलं, 'विक्री फक्त विदर्भात.' मूळ प्रकाशक आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांच्याकडे गेले, तर म्हणतात, "मोठ्या टाइपाची परवानगी आम्ही विदर्भापुरतीच दिली आहे. इकडची आम्ही स्वतः काढू." "कधी?" "बघू." लेखक पुण्याचे, प्रकाशक पुण्याचे, वाचणारा पुण्याचा आणि पुस्तक तेवढं नागपुरात! छापखान्याला लिहिलं, तर विदर्भाबाहेर टपालानं व्ही.पी. पाठवता येत नाही, क्षमस्व, असं उत्तर. माझं डोकंच फिरलं. यांना म्हटलं, "उठा, गरम कपडे भरा."

नागपूरला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. थंडी अशी, की पुण्याची थंडी म्हणजे नुसते चोचले वाटावेत. फलाटावर संत्र्यांच्या करंड्यांची रांग आणि त्या गारठ्यात भरून राहिलेला सालीचा वास. सायकलरिक्षावाला म्हणाला, "बसा माय, कुठी जायाचं?" गांधीबाग म्हटल्यावर त्यानं आमची वळकटी आधी ठेवली, मग यांचा हात धरून बसवलं. डोळ्यांचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रुंद रस्ते, दोन्हीकडं मोठाली झाडं, माणसं निवांत. मी पुणेकर असूनही सांगते, शहर मला आल्या आल्याच आवडलं.

गांधीबागेत शिरलो आणि निवांतपणा संपला. कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, हमालांची आरडाओरड. त्या गर्दीत एका गाडीचा दोर माझ्या पिशवीत अडकला, पिशवी उलटी झाली आणि डब्यातले डिंकाचे लाडू रस्ताभर. झालं! वाटलं, आता शिव्या. तर हमालांनी दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या आणि लाडू वेचायला लागले. एक म्हातारा हमाल लाडू फुंकून माझ्या हातात देत म्हणाला, "काही नाई होत माय, तुपातले हायेत ना?" त्यातले दोन त्यांनी मागून खाल्ले, हेही सांगायला हवं.

छापखाना कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत होता. पुढं दोन यंत्रं, बाजूला टाइपाच्या खणांचे लाकडी घोडे, भिंतीवर शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) गुलाबी-पिवळ्या जाहिराती. मालक पांडुरंगजी निखाडे, पन्नाशीचे, धोतर, वर शाईचे डाग पडलेला स्वेटर. पुस्तक मागितल्याबरोबर त्यांनी फडताळातून काढलंसुद्धा. यांनी ते उघडलं, पान डोळ्यांपाशी नेलं आणि म्हणाले, "दिसतंय." किती दिवसांनी तो शब्द ऐकला मी!

पांडुरंगजींनी सहज विचारलं, "कुठून आले तुमी?"

"पुण्याहून," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "मंग नाई देता येत, ताई."

यांनी मला कोपरानं ढोसलं. इथंच धंतोलीत राहतो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं, असा त्याचा अर्थ. पण माझ्या जिभेवर पुणं लिहिलेलं आहे, कुणाला पटलं असतं? मी म्हटलं, "विकू नका. भेट म्हणून द्या."

"आज तुमाले भेट, उद्या मुंबईच्या सायबाले भेट, मंग शब्द कायचा राह्यला? मी सोता गेलो होतो पुण्याले. आमच्याकडचे म्हातारे लोक मोठं अक्षर मांगत होते. लय विनवण्या केल्या, तवा परवानगी भेटली. एक प्रत बाहेर जाणार नाई म्हून शब्द देला मी."

"अहो, माणसाचे डोळे चाललेत!" माझा आवाज चढला. "तुमचा शब्द घेऊन मी काय चाटू?"

यंत्रं थांबली. टाइप जुळवणारे सगळे कंपोझिटर माझ्याकडे बघायला लागले. पांडुरंगजी मात्र यांच्याकडे बघत होते. यांनी पुस्तक मिटून परत पुढं केलं होतं, दोन्ही हातांनी. पांडुरंगजींनी ते घेतलं नाही.

"साहेब," ते म्हणाले, "पुस्तक विदर्भाबाहेर जात नाई, हे खरं. पण तुमी तं विदर्भात आले ना? मंग इथंच वाचा ना बाप्पा! घर मांगंच हाये." आणि आम्ही काही बोलायच्या आत मागच्या दाराकडं तोंड करून ओरडले, "अवं, ऐकून राहिली का? पाव्हणे आले, राहाले आले!"

मला वाटलं थट्टा. तोवर पदराला हात पुसत सुमनवहिनी दारात हजर. ना विचारणं ना पुसणं, माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाल्या, "उभ्या काहून वं ताई? पाणी तापवलं हाये, आंघोळी करून घ्या." ओळख ना पाळख! पुण्यात आम्ही जेवायच्या वेळेला आलेल्या माणसाला 'चहा घेणार का' असं विचारतो. मला लाज वाटली, अगदी खरं सांगते.

दोन दिवसांसाठी गेलेलो आम्ही, संक्रांत तिथंच झाली. सकाळी अंगणात ऊन आलं, की हे खुर्ची टाकून बसत, पुस्तक नाकापाशी. एक पान, मग डोळे मिटून बसणं, मग दुसरं पान. मनात येईल त्या वाक्यापाशी थांबत होते. मी वहिनींच्या हाताखाली स्वयंपाक शिकत होते. गोळाभात (डाळीच्या तिखट गोळ्यांसकट शिजवलेला भात) आणि त्यावर कडकडीत फोडणीचं तेल. मी म्हटलं, "वहिनी, एवढं तेल!" त्या म्हणाल्या, "मंग काय कोरडा घास गिळतीन?" आणि आणखी एक पळी ओतली. दुपारी संत्री. सोलून, बिया काढून, यांच्या हाताशी वाटी.

गंमत म्हणजे ते पुस्तक छापखान्यातल्या सगळ्यांनी अक्षर न् अक्षर जुळवलेलं. गोष्ट सगळ्यांना पाठ. कंपोझिटर मेश्राम जाता-येता विचारायचे, "कुठवर आले, साहेब?" हे सांगायचे. "होडी वाहून गेली तिथवर." "मंग जपून बाप्पा, पुढं रडू येते." पण शेवट कुणी फोडला नाही. पलीकडच्या कापडवाल्यानं एकदा तोंड उघडलं, तर मेश्राम त्याच्यावर असे धावून गेले, की तो दुकान बंद करून जेवायलाच गेला.

आणि मग व्हायचं ते झालं. शेवटचं दीड पान उरलं होतं. सकाळी हे नेहमीसारखे उन्हात बसले, पुस्तक जवळ नेलं, लांब नेलं, खुर्ची फिरवली. मग मिटून मांडीवर ठेवलं. "मधलं अक्षर राहतच नाही गं," म्हणाले. मी विचारलं, "मी वाचू?" यांनी नुसती नकाराची मान हलवली. दीड पान! एवढं लांब येऊन, एवढं सगळं होऊन, दीड पानासाठी! मी स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडले. वहिनींनी मला रडू दिलं आणि मग तरातरा छापखान्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी पांडुरंगजींनी आम्हाला पुढं येऊच दिलं नाही. आतून लाकडं आपटल्यासारखा आवाज येत होता. वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "काम करून राहिले." "शंकरपटाच्या जाहिराती?" "ते शंकरपटवाले थांबतीन."

ऊन चांगलं वर आल्यावर यांना अंगणात बोलावलं. जाहिराती वाळवायची दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली, आणि तिच्यावर गुलाबी, पिवळे, हिरवे कागद. जाहिरातीचा लाकडी टाइप काढून त्यांनी ते दीड पान जुळवलं होतं. वीतभर उंचीची अक्षरं. एका कागदावर जेमतेम एक वाक्य. टाइप पुरेना, म्हणून एक वाक्य छापायचं, मोडायचं, त्याच अक्षरांचं पुढचं जुळवायचं, असं कालपासून चाललं होतं. जिथं बैलांची नावं यायची, तिथं आमचा नावाडी.

हे पहिल्या कागदापाशी उभे राहिले. वाचलं. पुढं सरकले. एका पिवळ्या कागदापाशी इतका वेळ थांबले, की मेश्रामांनी काळजीनं माझ्याकडं पाहिलं. मग दोन पावलं मागं आले, आधीचं वाक्य पुन्हा वाचलं. शेवटच्या कागदापाशी पोचले, तेव्हा शाई ओलीच होती. बोटांना लागली. "बांधली त्यानं होडी," ते म्हणाले, आणि पांडुरंगजींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांना रडताना पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मी हळूच विचारलं, "तो शेवटचा कागद तरी नेऊ का? ते काही पुस्तक नव्हे."

पांडुरंगजी अवघडले, पण नकाराची मान हलवलीच. "ताई, मजकूर तं तोच हाये ना."

या वेळी मी भांडले नाही. शब्दाला इतकं धरून राहणारा माणूस भेटत नाही, आणि परक्यांसाठी हातचं काम असं सोडून देणाराही भेटत नाही. वाकून नमस्कार केला, तर ते "अहो ताई, अहो ताई" करत चार पावलं मागं पळाले.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले आणि स्टेशनांच्या पिवळ्या पाट्या वाचायला लागले. "वर्धा!" मोठ्यानं. "बडनेरा!" डब्यातली पोरं हसली, मग तीही ओरडायला लागली. अकोल्याची पाटी वाचायला मात्र जरा वेळ लागला. रात्री झोपले.

सकाळी दौंडला गाडी थांबली. मी म्हटलं, "दौंड आलं."

"हो, वाचलं मी," हे म्हणाले. खिडकीबाहेर बघतच म्हणाले.

फलाट पलीकडच्या बाजूला होता. पाटी त्यांच्या पाठीमागं होती. मी त्यांच्या हातात चहाचा कप नीट दिला आणि म्हटलं, "हो, चांगली मोठी अक्षरं आहेत."