डाव्या हाताची उत्तर दिशा

चौथीतला माझा उजवा हात आठवला की अजूनही संताप येतो. बिचाऱ्यानं खरं सांगितलं आणि छडीही त्यानंच खाल्ली.

आमचं गाव बेलापूरच्या दक्षिणेला. शाळेत रोज सकाळी आम्ही उभं राहून ओरडायचो, “उगवत्या सूर्याकडे तोंड केले की डाव्या हाताला उत्तर!” आणि सगळे डावे हात खाडकन बाहेर. फक्त फळा होता पश्चिमेच्या भिंतीला. सूर्य आमच्या पाठी शेकत असायचा.

तोंडी परीक्षेला दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला गावात हेच नाव. वडलांनी बजावलं होतं, “नापास झालीस तर शाळा बंद. शेळ्या हायेतच.”

“उत्तर कुठे?” साहेबांनी मला विचारलं. मी उजवा हात केला.

“डावा!” गुरुजी गरजले.

“पन गुरुजी, सूर्य मागं हाय.”

“सूर्याचं तू शिकवतीस मला? पुस्तकात काय लिहिलंय?”

छडी बसली. साहेबांनी हसत हसत ‘नापास’ लिहिलं. सूर्य दारातच होता हो, मान वळवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत!

साहेब आडवाटेनं आलेले, पुढे बेलापूरला जायचं होतं. निघताना लाडानं म्हणाले, “बेलापूर उत्तरेला ना? दाखवा बरं!”

खाडकन डावे हात. दर आठवड्याला बेलापूरच्या बाजाराला जाणारी ही पोरं! पण रस्ता पायांचा, उत्तर शाळेची. दोघांची ओळख कुणी करूनच दिली नव्हती. गुरुजी तर कौतुकानं बघत होते. मी उजवा हात काखेत दाबून गप्प बसले. साहेबांची सायकल दक्षिणेला, राहुरीच्या दिशेनं दिसेनाशी झाली.

दुपारी घामानं निथळत साहेब दारात. “ती उजव्या हाताची पोरगी कुठंय? मघाशी बोलली का नाहीस गं?”

“नापासाला कोन इचारतं, साहेब?”

त्यांनी शेरा खोडला. शेळ्या माझ्याविनाच चरल्या.

आणि फळा? दोन खिळ्यांचं काम, पण तो तिथंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच आरोळी. गुरुजींनी मला शेवटच्या रांगेत ढकललेलं. मी गर्रकन दाराकडे वळले, तोंडावर ऊन घेतलं आणि डावा हात लांब केला. अगदी पुस्तकात लिहिलंय तस्सा.